अपहरणकथेचा प्रेक्षक : ‘मदारी’ला मिळालेल्या प्रतिसादाच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे मूळ

साहित्याच्या वर्गात चित्रपट दाखवणे आता नवे राहिलेले नाही. कथानक, पात्ररचना, निवेदनाचा दृष्टिकोन या संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी आपण सारेच अधूनमधून चित्रपटाचा आधार घेतो. त्यात आणखी एक सोय असते. कादंबरी शिकवताना वाचकाच्या प्रतिसादाविषयी बहुधा अनुमानाने बोलावे लागते. चित्रपट दाखवला की प्रतिसाद आपल्यासमोरच घडतो. कोण कोठे हसले, कोण कोठे गप्प झाले, कोणी कोणाची बाजू घेतली, हे त्याच खोलीत बसून पाहता येते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका प्रतिसादाचा आहे. चित्रपट आहे ‘मदारी’. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला आणि इरफान खान यांची प्रमुख भूमिका असलेला हा हिंदी चित्रपट २२ जुलै २०१६ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपट हिंदी असला तरी त्याचा मराठीशी संबंध दूरचा नाही. कामत यांनी २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘मदारी’चे छायालेखन ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक अविनाश अरुण यांचे आहे. शिवाय सुरत जिल्ह्यातील कडोदऱ्यासारख्या गावात राहणारा, धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेला मराठी कामगार चित्रपट पाहतो तो बहुतेक वेळा हिंदीच. तेव्हा मराठी प्रेक्षकाचा अभ्यास करायचा तर केवळ मराठी चित्रपटांपुरते थांबून चालणार नाही.

मी स्वतः २०१६ साली हा चित्रपट पाहून वर्गात त्याविषयी काहीशा उपहासानेच बोललो होतो. कथानकात किती ठिकाणी भोके आहेत, याची यादीच मी फळ्यावर लिहिली होती. काही वर्षांनी तोच चित्रपट कडोदऱ्यात विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासोबत पुन्हा पाहिला, तेव्हा ती यादी मला अपुरी वाटली. ती चुकीची होती असे नाही, पण ती एका प्रकारच्या प्रेक्षकाची होती. अपहरणाची कथा पाहणारे प्रेक्षक किती प्रकारचे असतात आणि त्यांच्यापैकी कोण काय पाहायचे विसरतो, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. कथा आणि तिच्या आरंभीचा दाखला

‘मदारी’ची कथा थोडक्यात अशी. निर्मल कुमार हा मुंबईतला सामान्य माणूस लहानग्या मुलाला एकट्याने वाढवतो आहे. एक पूल कोसळतो आणि त्यात तो मुलगा जातो. पुढे निर्मल देशाच्या गृहमंत्र्याच्या लहान मुलाला, रोहनला, पळवतो. तपास नचिकेत वर्मा या अधिकाऱ्याकडे येतो. निर्मल पैसे मागत नाही. माझा हरवलेला मुलगा मला शोधून द्या, एवढीच त्याची मागणी असते. तो रोहनला घेऊन गावोगाव फिरत राहतो आणि शेवटी पुलाच्या कामाशी ज्यांचा संबंध होता त्यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर बोलते करतो. मुंबईत २०१२ साली अंधेरी भागात मेट्रोच्या बांधकामाधीन पुलाचा भाग कोसळला होता. चित्रपटाच्या कथेचा संबंध त्या घटनेशी जोडला जातो.

चित्रपटात एक छोटा दाखला येतो. बहिरी ससाणा कोंबडीच्या पिल्लावर झडप घालून ते उचलून नेतो. ही गोष्ट खरी वाटते, पण चांगली वाटत नाही. उलट पिल्लाच्या बाजूने ससाण्यावर झडप पडली, तर ती गोष्ट खरी वाटत नाही, पण फार चांगली वाटते. असा त्या दाखल्याचा आशय आहे.

‘खरे वाटणे’ आणि ‘चांगले वाटणे’ या दोन कसोट्या चित्रपटाने अशा रीतीने स्वतःच प्रेक्षकाच्या हाती दिल्या आहेत. पुढे त्याला जो प्रतिसाद मिळाला तो जवळजवळ याच रेषेवर दुभंगलेला दिसतो.

३. समीक्षकांचा प्रतिसाद

प्रदर्शनाच्या वेळची परीक्षणे संमिश्र होती. इरफान खान यांच्या अभिनयाबद्दल फारसा मतभेद नव्हता. आवाज न चढवता दुःख दाखवण्याची त्यांची रीत बहुतेकांनी वाखाणली. तक्रारी मुख्यतः तीन होत्या. पहिली, एवढ्या मोठ्या पदावरील माणसाचे मूल एकट्या माणसाने पळवावे आणि साऱ्या देशाच्या यंत्रणेला इतके दिवस चकवावे, हे पटत नाही. दुसरी, शेवटच्या भागात नाट्य मागे पडते आणि भाषण पुढे येते. तिसरी, सामान्य माणूस व्यवस्थेला कोंडीत पकडतो ही कल्पना नीरज पांडे यांच्या २००८ सालच्या ‘अ वेन्सडे’मध्ये अधिक नेटकेपणाने आलेली आहे.

या तिन्ही तक्रारींत तथ्य आहे. थरारपट हा प्रकार प्रेक्षकाशी एक अलिखित करार करतो. प्रत्येक दुवा दुसऱ्यात अडकलेला असेल, पोलीस मूर्ख नसतील, योगायोग मोजकेच असतील, असा तो करार. ‘मदारी’ तो अनेकदा मोडतो. अरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटले आहे की, न पटणाऱ्या शक्य घटनेपेक्षा पटणारी अशक्य घटना कवीने निवडावी. समीक्षकांचे म्हणणे असे की, येथे घटना अशक्यप्राय आहे आणि ती पटवूनही दिलेली नाही.

तरीही या परीक्षणांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. हा चित्रपट थरारपट आहे आणि थरारपट म्हणूनच तो मोजायचा आहे, हे ते गृहीतक. प्रेक्षकाने मात्र तो त्या मापाने मोजला असेलच, असे सांगता येत नाही.

४. कडोदऱ्यातील एक रविवार

मी ज्या प्रयोगाविषयी लिहीत आहे तो सर्वेक्षण नव्हे. रविवारी दुपारी, गल्लीतल्या एका सभागृहात, पडद्याऐवजी पांढरी भिंत वापरून आम्ही चित्रपट दाखवला. तीसेक माणसे होती. त्यांत निम्मे माझे विद्यार्थी आणि निम्मे त्यांच्या घरचे. कडोदरा चार रस्त्याच्या आसपास, चलथाण आणि वरेलीच्या बाजूला राहणारी ही कुटुंबे. कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी लूमवर. काही जण रात्रपाळी करून तसेच आले होते. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, मिलमध्ये हिंदी आणि वहीत मराठी, अशी त्यांची भाषेची विभागणी.

माझी फळ्यावरची यादी मी मनात तयार ठेवली होती. पण एकाही प्रेक्षकाने ‘हे कसे शक्य आहे?’ असा प्रश्न विचारला नाही. पूल कोसळल्याचे दृश्य आले तेव्हा मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन बसला. शेवटी पुलाच्या कामातली माणसे एकामागून एक बोलू लागली, तेव्हा टाळ्या पडल्या. समीक्षकांना जे भाषण वाटले, त्यालाच या टाळ्या होत्या.

चर्चेत माझा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे वडील काही वर्षांपूर्वी कामावरच्या अपघातात गेले. तो म्हणाला, “सर, आमच्या पप्पांच्या वेळी आम्ही आठ दिवस फोन करत होतो, कोणी उचलला नाही. याने तर सगळ्या देशाला फोन उचलायला लावला.”

यावर बोलणे मला अवघड गेले. कथानकातील दुवे आणि अलिखित करार यांबद्दल त्या क्षणी काही सांगणे योग्य ठरले नसते.

५. रसविघ्नांच्या प्रकाशात

हा फरक समजून घेण्यासाठी आपल्या परंपरेतच एक नेमके साधन आहे. नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्तांनी रसाच्या आस्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतली दोन येथे उपयोगी पडतात.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे. समोर जे चालले आहे ते घडू शकेल असेच प्रेक्षकाला वाटत नसेल, तर त्याचे मन त्यात रमणार नाही आणि रसाचा प्रश्नच उद्भवणार नाही. समीक्षकांची तक्रार ती हीच. यावर अभिनवगुप्तांनी उपायही सांगितला आहे. सामान्य घटना असेल तर ती प्रेक्षकाच्या हृदयाशी आपोआप जुळते. घटना लोकोत्तर असेल, तर कवीने रामासारखे प्रख्यात नायक घ्यावेत, कारण त्यांच्या पराक्रमावरचा विश्वास लोकांच्या मनात आधीच मुरलेला असतो.

आजच्या चित्रपटाकडे राम नाही. ‘मदारी’ने प्रख्यात नायकाऐवजी प्रख्यात घटना घेतली. पूल कोसळणे ही गोष्ट आपल्या देशात प्रेक्षकाला पटवून द्यावी लागत नाही. चित्रपट येण्याआधी काही महिने, ३१ मार्च २०१६ रोजी, कोलकात्यात विवेकानंद मार्गावरील बांधकामाधीन उड्डाणपूल कोसळला होता. चित्रपट आल्यानंतर अकरा दिवसांनी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एस. टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या गेल्या. माझा एक परिचित त्या आठवड्यात ‘मदारी’ पाहून आला होता. वर्तमानपत्र कोणते आणि चित्रपट कोणता, हेच कळेनासे झाले, असे त्याने सांगितले. गुजरातमधील प्रेक्षकाच्या मनात पुढे ३० ऑक्टोबर २०२२ रोजीच्या मोरबी येथील झुलत्या पुलाची भर पडली. त्या दुर्घटनेत १३५ माणसे गेली. म्हणजे चित्रपट तोच राहिला, पण त्याची संभाव्यता वर्षागणिक वाढत गेली. २०१६ साली जो चित्रपट अतिरंजित वाटला, तो २०२२ नंतर पाहणाऱ्याला तसा वाटेलच असे नाही. परीक्षण प्रदर्शनाच्या आठवड्यात लिहिले जाते. प्रतिसाद मात्र त्यानंतरही बदलत राहतो.

दुसरे उपयोगी विघ्न म्हणजे निजसुखादिविवशीभाव. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असेल, तर तो समोरच्या पात्राच्या भावनेपर्यंत पोचत नाही. या विघ्नावरचा उपाय म्हणून गीत, वाद्य, रंगमंडपाची शोभा इत्यादींची योजना सांगितली आहे. त्यामुळे प्रेक्षक स्वतःच्या विवंचनेतून बाहेर येतो. आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रतिसाद पाहा. तो आपल्या दुःखातून बाहेर आला नव्हता. त्या दुःखाच्या दारातूनच तो चित्रपटात शिरला होता. अभिनवगुप्तांच्या मते हे विघ्न ठरेल. मला मात्र त्या दिवशी वाटले की, ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्यासाठी कलाकृतीत शिरण्याचे तेच एक दार उघडे असते. वरेलीतल्या एका कारखान्याला १८ ऑक्टोबर २०२१ रोजी आग लागली. त्यात दोन कामगार गेले आणि शंभराहून अधिक कामगारांना बाहेर काढावे लागले. तो धूर पाहिलेली माणसे ज्या सभागृहात बसली आहेत, तेथे तटस्थ प्रेक्षकाची अपेक्षा करणे म्हणजे तेथे नसलेल्या प्रेक्षकाची अपेक्षा करणे होय.

येथे लेख संपवता आला असता. समीक्षकांना पहिले विघ्न आडवे आले, प्रेक्षकांनी तिसऱ्या विघ्नालाच वाट केले, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे झालो असतो. पण त्या रविवारी आणखी एक वाक्य बोलले गेले आणि त्याने हा सारा हिशोब अपुरा ठरवला.

६. रोहनचे काय?

चर्चा संपत आली होती. निर्मलने केले ते बरोबरच, असा एकूण कौल पडला होता. तेव्हा एका विद्यार्थिनीची आई, जी तोवर काहीच बोलली नव्हती, तिच्या मुलीकडे पाहून हळूच म्हणाली, “त्या पोऱ्याना काय गुन्हा?”

त्या मुलाचा काय गुन्हा? प्रश्न इतका साधा की, दोन तासांत तो कोणालाच सुचला नव्हता. मलाही नाही. समीक्षक कथानक पाहत होते, प्रेक्षक बाप पाहत होते. पळवलेले मूल दोघांच्याही नजरेसमोर असूनही दिसत नव्हते.

आता ‘डोंबिवली फास्ट’शी तुलना केली तर प्रश्नाचे गांभीर्य कळेल. त्या चित्रपटातला माधव आपटे हा बँकेतला सरळमार्गी कर्मचारी एके दिवशी हातात क्रिकेटची बॅट घेऊन निघतो. त्याचा कायदेभंग आपल्याला अस्वस्थ करतो, पण तो ज्यांच्या अंगावर जातो त्यांतले बहुतेक जण स्वतः कोठेतरी चुकलेले असतात. लाच, अरेरावी, फसवणूक असे काहीतरी त्यांच्या नावावर असते. ‘मदारी’त ज्याला भोगावे लागते त्याच्या नावावर काहीच नाही. तो केवळ गृहमंत्र्याचा मुलगा आहे. निर्मलच्या मुलाचा जीव कोणाच्या तरी हिशोबात गेला. आता निर्मल दुसऱ्या मुलाला आपल्या हिशोबात घेतो. चित्रपटाला ही अडचण ठाऊक आहे. म्हणूनच त्याने निर्मल आणि रोहन यांच्यात हळूहळू जवळीक दाखवली आहे. १९७३ साली स्टॉकहोममधील एका बँकेत ओलीस धरलेल्या माणसांना ओलीस धरणाऱ्यांविषयीच आपुलकी वाटू लागली, तेव्हापासून या अवस्थेला त्या शहराचे नाव मिळाले. रोहनची आपुलकी त्या जातीची की मनापासूनची, हे प्रेक्षक ठरवत बसत नाही. मूल हसले की आपण सुटलो, असे त्याला वाटते. मुलाचे हसू हे आपल्या टाळ्यांना मिळालेले माफीपत्र ठरते.

आणखी एक चित्रपट येथे आठवतो. अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ सालच्या ‘हाय अँड लो’मध्ये अपहरणकर्ता एका श्रीमंत कारखानदाराचा मुलगा समजून चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवतो. खंडणी द्यावी की न द्यावी, या पेचावर अर्धा चित्रपट उभा आहे. अपहरणकर्त्याचे मन आपल्यासमोर येते ते अगदी शेवटी, तुरुंगातल्या भेटीत, आणि तेव्हाही त्याला माफ करण्याची सोय दिग्दर्शक आपल्याला देत नाही. कुरोसावांनी अपहरणकर्त्याची कथा शेवटपर्यंत राखून ठेवली. कामतांनी ती हळूहळू उलगडत चित्रपटभर पसरवली. प्रेक्षकाची बाजू त्याच्या नीतिमत्तेवर ठरत नाही, कोणाची कथा त्याला आधी आणि किती सांगितली गेली यावर ठरते, असे या दोन चित्रपटांकडे पाहून म्हणता येईल.

७. राईनपाडा : ज्यांची कथा कोणी ऐकली नाही

हा मुद्दा केवळ निवेदनतंत्राचा असता, तर तो वर्गापुरता राहिला असता. पण मूल पळवण्याची भीती ही आमच्या प्रेक्षकांच्या जगण्यातली गोष्ट आहे. मराठीत या एका क्रियेला किती शब्द आहेत पाहा. वर्तमानपत्रात अपहरण, पोलिसांच्या कागदात अपनयन, घरात पळवून नेणे, गल्लीत उचलून नेणे. ‘अपहरण’ म्हटले की मागे खंडणी आणि श्रीमंत घर येते. ‘मुले पळवणारी टोळी’ म्हटले की चेहरा समोर येतो तो फाटक्या कपड्यांतल्या अनोळखी माणसाचा.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून जगणारी, भटक्या समाजातील माणसे होती. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्या दिवसांत देशात इतरत्रही अशाच अफवांनी माणसे मारली गेली. कडोदऱ्यातील अनेक कुटुंबांचे मूळ गाव साक्री, पिंपळनेर, नवापूरच्या पट्ट्यात आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या फोनवरही त्या अफवा आल्या होत्या.

आता या दोन प्रतिसादांना शेजारी ठेवू. एका माणसाने खरोखर मूल पळवले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पाच माणसांनी काहीच केले नव्हते आणि त्यांचा जीव गेला. निर्मल कुमार कोण, त्याचे घर कोणते, त्याच्या मुलाचे दप्तर कसे होते, हे आपल्याला दोन तास सांगितले गेले. त्या पाच जणांना मात्र आपण कोठून आलो, हे सांगण्याइतकाही वेळ कोणी दिला नाही. जमाव आणि प्रेक्षक ही दोन वेगळी माणसे नसतात. एकाच माणसाला कथा मिळाली की तो प्रेक्षक होतो, आणि नुसती अफवा मिळाली की जमाव. चित्रपटाचे नावही या संदर्भात विचार करायला लावते. मदारी म्हणजे गावोगाव खेळ दाखवत फिरणारा माणूस. पडद्यावर ते रूपक असते. रस्त्यावर मात्र तसाच फिरस्ता दिसला की आपण मुलांना घरात बोलावतो.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम काय, याचे उत्तर मला येथे दिसते. ज्याची कथा सांगितली गेली त्याच्याविषयी कणव वाटणे सोपे आहे. तेथे कलावंताने आपले काम केलेले असते. ज्याची सांगितली गेली नाही त्याची कथा असू शकेल, एवढे भान प्रेक्षकात जागे ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे. चित्रपटात अशी जागा रोहनची आहे, आणि राईनपाड्यात त्या पाच जणांची होती.

८. सविकल्प समाधी

१९२१ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, पण आपले स्वत्व पूर्णपणे सोडत नाही. मी दुसरा झालो आहे आणि तरी मी मीच आहे, या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद असतो, असे तिचे सार. या कल्पनेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. शोकात्म साहित्याचा आनंद तिने पुरेसा उलगडत नाही, तादात्म्य हा शब्द सैल आहे, हे आक्षेप विद्यार्थ्यांनी वाचावेतच. पण गुजरातच्या भूमीवर मराठीत मांडली गेलेली ही कल्पना ‘मदारी’च्या प्रतिसादाला चपखल लागू पडते.

समीक्षकांकडे विकल्प होता, समाधी नव्हती. ते निर्मल झाले नाहीत, म्हणून त्यांना भोके दिसली. आमच्या सभागृहात समाधी होती, विकल्प नव्हता. सारे निर्मल झाले, म्हणून रोहन दिसला नाही. त्या आईच्या ठिकाणी मात्र दोन्ही होते. ती रडली होती, हे मी पाहिले होते. निर्मलचे दुःख तिला कळले नव्हते असे मुळीच नाही. तरी तिने दुसऱ्या मुलाचा प्रश्न विचारला. काव्यशास्त्रातला कोणताही शब्द तिला ठाऊक नव्हता, पण सहृदय प्रेक्षक म्हणजे काय, हे त्या एका वाक्याने जितके समजले तितके मला माझ्या टिपणांतून कधी शिकवता आले नव्हते.

९. वर्गासाठी

शेवटी अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना. अपहरणकथा, मग ती चित्रपटातली असो वा कादंबरीतली, वर्गात घेताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, हे मला खरे वाटले का, आणि नसेल तर नेमके कोठे तुटले? दुसरा, हे मला चांगले वाटले का, आणि त्यात माझ्या स्वतःच्या आयुष्याचा वाटा किती? तिसरा, कोणाची कथा मला सांगितली गेली आणि कोणाची नाही? चौथा, जिची सांगितली गेली नाही, ती व्यक्ती याच प्रसंगाविषयी काय बोलली असती?

हे प्रश्न अनुक्रमे कथानकाचे, आस्वादकाचे, निवेदनाचे आणि कल्पनाशक्तीचे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर थांबलेला विद्यार्थी परीक्षण लिहू शकेल. पुढच्या दोन प्रश्नांपर्यंत गेलेला विद्यार्थी फोनवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी कदाचित थांबेल.

चौथा प्रश्न मी पुढच्या सोमवारी लेखनासाठी दिला. रोहनच्या जागी बसून एक पान लिहा, एवढेच सांगितले. ज्याचे वडील गेले होते त्या विद्यार्थ्याने त्या तासाला कोरा कागद दिला. “सर, मला जमणार नाही,” म्हणाला. मी आग्रह केला नाही. दोन आठवड्यांनी त्याने पान आणून दिले. त्यात रोहन घरी परतला आहे आणि रात्री त्याला झोप येत नाही, एवढेच होते. वडिलांना तो विचारतो, त्या काकांचा मुलगा सापडला का? वडील उत्तर देत नाहीत.

निशिकांत कामत आणि इरफान खान हे दोघेही २०२० साली, काही महिन्यांच्या अंतराने, गेले. त्यांनी केलेला चित्रपट सदोष आहे, हे माझे मत मी बदललेले नाही. मात्र फळ्यावरची ती यादी आता मी चित्रपट दाखवल्यानंतर लगेच लिहीत नाही. आधी ते चार प्रश्न विचारतो.